निळ्या डोक्याची टाचणी

४ मार्च

ती. स्व. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे पहिलं पान डाव्या टाचेच्या भेगेला, दुसरं उजव्या टाचेला, आणि भाऊजींची खुशाली कशीबशी समासात. आईने तुझं नाव तक्रारखातं ठेवलं ते उगाच नाही. साखरेचा आजार आपल्या दोघांनाही आहे, पण तू रोज आरशात तळपाय न्याहाळतेस आणि मी वर्ष वर्ष बघत नाही. तू पैज लावलीस, की मीही बघावेत आणि ज्याचे तळपाय जास्त खराब निघतील त्याने खुशाल कुरकुर करावी. कबूल.

काल दुकान बंद करताना गिऱ्हाइकांचा आरसा तिरका केला आणि स्टुलावर बसून पाय वर धरले. भेगबिग काही नाही. उजव्या अंगठ्याखाली एक निळा ठिपका होता. खडूचा डाग असेल म्हणून चोळला, तर जाईना. ताई, ती टाचणी होती. निळ्या डोक्याची, अख्खी आत शिरलेली. शिलाईमशीनचं पायडल मारताना मी चपला काढतो, तेव्हा कधीतरी गेली असणार. पकडीने ओढून काढली, पट्टी चिकटवली, पण हूं की चूं केलं नाही. तुझी भावजय बघतच राहिली. लहानपणी माझा दात पाडतानाही मी गप्प बसायचो आणि माझ्या वाटचं तू रडायचीस, आठवतं?

मशीन मात्र हल्ली तुझ्यासारखं कुरकुरतं. थांबवलं तरी चार टाके पुढे पळतं. तेल घालायला हवं.

भाऊजींना नमस्कार. लोभ भेगेत मुरू न देता आमच्यापर्यंत पोचू दे.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. टाचणी अख्खी पायात शिरते आणि तुला ती आरशात बघून कळते, याला तू सोशिकपणा म्हणतोस? माझी भेग चादरीला घासली तरी मला जाग येते. तुला दुखलंच नाही, मला तर त्याचीच भीती वाटते. मशीनला तेल नको आहे. पायडल तुझ्या पायाला कळेनासं झालंय.

तू म्हणशील, डॉक्टरांना कशाला त्रास. तुझा स्वभाव मला पाठ आहे. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून घट्ट चपला वर्षभर घातल्या होत्यास. आता हे पत्र खाली ठेव आणि आधी डॉक्टरकडे जा. वहिनीला दाखवणार नाहीस, म्हणून तिला वेगळं लिहिलंय.

रागावले आहे, तरी माया तेवढीच आहे असं समज.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तशी ह्यांच्या मागे लागले. एक कोट तेवढा देतो, मग जाऊ, असं म्हणत ह्यांनी दोन दिवस घालवले. काल पाय सुजला, अंगठा काळानिळा झाला, ताप चढला. इस्पितळात ठेवलंय. आतला पू काढला, पण अंगठा वाचेल की नाही ते आताच सांगता येत नाही म्हणाले. विष वर चढलं तर नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही. पायडल मारणारा तोच पाय आहे हो.

ह्यांना विचारलं की म्हणतात, बरं आहे. मला आता त्या ‘बरं आहे’चीच धास्ती बसली आहे. जमेल तशा निघा.

तुमची,
वहिनी


२० एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी लिहितो. काल पट्टी सुटली. जखम भरली, अंगठा जागेवर आहे, पाय सगळाच्या सगळा माझा आहे. घरी आल्यावर तुझी भावजय स्वयंपाकघरात जाऊन रडली. मलाही रडू आलं, ते मी पहिल्यांदाच लपवलं नाही.

तू परत गेल्यावर झालेली गंमत ऐक. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक दोरा तळपायाला टेकवत, कळतंय का म्हणून विचारत गेले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. शेवटी ते म्हणाले की मघापासून त्यांनी दोरा खिशात ठेवला आहे. मी खजील झालो. पुढे म्हणाले, कुरकुरे पेशंट त्यांचं डोकं खातात, पण वेळेवर येतात. माझ्यासारखे भले लोक मात्र पाय सुजल्यावर उगवतात. मग तुझी चौकशी केली. तू त्यांचं डोकं किती खाल्लंस ते वॉर्डात अजून सांगतात.

तळपायाला आता काही कळत नाही आणि कळणारही नाही, घोट्यापासून वर मात्र कळतं. सगळं आयुष्य लोकांनी ज्या गुणाचं कौतुक केलं, तो पुढे पुढे नुसता बधिरपणा होता. मशीनला मोटर बसवली आहे, ती हाताने चालू-बंद होते. आरसा मात्र रोज तिरका करतो.

भाऊजींना नमस्कार. तुझी कटकट आहे तशीच राहावी.

तुझा,
धाकटा


२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, ह्यांना वाचून दाखवलं, मग शेजारणीलाही. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलला असं झालं. आज माझ्या टाचा कशा आहेत ते मी बघितलंसुद्धा नाही. उद्या बघेन.

पैज तू जिंकलास. तेव्हा यापुढे प्रत्येक पत्रात निदान एक तक्रार पाहिजे. तक्रारीशिवाय ‘बरं आहे’ लिहिलंस तर मी पुढची गाडी पकडून येईन, हे लक्षात ठेव.

आशीर्वाद आहेतच, मात्र तक्रार पोचेपर्यंत ते अर्धे राखून ठेवले आहेत.

तुझी,
ताई


३ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी सांगितलेले नवे बूट घालून आज पहिल्यांदा दुकानात चालत गेलो. अर्ध्या वाटेवर पायाशी काहीतरी वेगळं वाटलं. थांबलो, भिंतीला टेकलो आणि तिथेच रस्त्यात मोजा खाली करून बघितलं. लोक बघत होते, बघू देत. उजव्या बुटाची कड घोट्याच्या वर घासते आहे, कातडी लाल झाली आहे. तसाच मागे फिरलो आणि बूट दुकानदाराच्या समोर ठेवला. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

तर ही घे माझी पहिली तक्रार. घोट्याच्या वर दुखतंय, ताई. चांगलं दुखतंय.

राहिलेले आशीर्वाद आता धाडून दे.

तुझा,
धाकटा