घागरीतला देव

सांगली, ता. ३ नोव्हेंबर ४३
कंपनीच्या मालकांनी भोंगा आणला. लाउडस्पीकर म्हणतात. 'दुर्मदासुर' नाटकात शेवटी आकाशातून शाप येतो, तो यापुढे त्यातून. तेवीस वर्षे तो शाप मी देतो. रंगपटावरच्या माळ्यावर पालथे पडायचे, तोंड घागरीत घालायचे आणि बोलायचे. दुसरे काम मला नाही. शाप गेला तर मग...

ता. ५
मालकांना म्हटले, आवाज कुठून येतो ते दिसता कामा नये, तरच तो देवाचा. म्हणाले, "आवं तात्या, मागं बसल्याल्यांस्नी तुमचा देव ऐकूच येत न्हाई."
खोटे.
पण खरे असेल तर? किती वर्षांपासून?

ता. ६
असुर करणारा दत्तू चेष्टा करतो. "मी मंत्र मारून गुप्त होनार, आन् देव बॅटरीवर बोलनार. मग मोठा कोन रं गड्या?" सगळे हसले. मला जेवण गेले नाही. माझ्या मनात सलत होते, त्याने बरोबर तेच विचारले होते.

रहिमतपूर, ता. १४
आज भोंगा लावला. मालक स्वतः बोलले. कनातीबाहेरची कुत्री भुंकू लागली एवढा आवाज. पण वर कोणी पाहिले नाही, सगळ्यांच्या माना खांबावरच्या भोंग्याकडे. मागून एकजण ओरडला, "ए देवा, जपान कुठवर आला ते सांग की!"
हशा. दत्तूही हसला. असुरच हसला तर शाप लागायचा कसा?
मला बरे वाटले. वाईट आहे, पण वाटले.

ता. १५
मालक म्हणाले, "साताऱ्यात तुमीच बोला. आवाज तुमचाच पायजे. पर घागर न्हाई, भोंग्यात."
हो म्हटले. नको म्हणायचे होते.

सातारा, ता. १८
दुपारी तालीम. बोललो, आणि माझा आवाज मैदानाच्या पलीकडून आला. चिरका. दम लागलेला. कोणा म्हाताऱ्याचा. घागरीत इतकी वर्षे मला देवच ऐकू येत होता.
दत्तू हसला नाही. तेच जास्त लागले.
मालक म्हणाले, "लय झ्याक, तात्या. फकस्त धापा टाकू नगा."

ता. १९
आज खेळ. शाप सात ओळींचा. सकाळपासून श्वास धरून म्हणून पाहतो आहे. चौथ्या ओळीपर्यंत जातो. एकदा पाचवी धरली, आणि मधेच दम