हाथोरची ओटी आणि माझं लायसन्स

अल् खुवैर, मस्कत
सोमवार, सकाळचे अकरा
(आई खाली विद्याकडे गेल्या आहेत, तेवढ्यात)

ती. अस्मिताताईंना,

कल्पनाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. टेबलावर आईंनी गव्हले वाळत घातले आहेत, म्हणून स्टुलावर कागद ठेवून लिहिते आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला नाशिकच्या थंडीबरोबर गेला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे निशांतचं कोलेस्टेरॉल आणि देविकाचं मराठी सोडलं तर काळजी करण्यासारखं काही नाही. आईंची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम आहे, की त्यामुळे आम्हा बाकीच्यांची बिघडायची वेळ आली आहे.

तुम्ही पाठवलेलं आईंचं तिकीट मिळालं. चौदा तारखेचं, मस्कत ते मुंबई, एकेरी. नव्या घरातली तिसरी खोली आईंसाठी तयार आहे, आता त्या कायमच्या तुमच्याकडे, हेही वाचलं. शिवाय तुम्ही विचारलंत, की आईचं वागणं-बोलणं सध्या कसं आहे ते काही न लपवता कळव, म्हणजे मला तयारी ठेवता येईल. तेव्हा ताई, मी काहीही लपवणार नाही. तयारी जरा जास्तच ठेवा. (हे फोनवर लिहिलं असतं, पण देविकानं माझा पासवर्ड आजीला सांगून ठेवला आहे. म्हणून हा कागद. निशांतच्या ऑफिसातला नंदू गुरुवारी नाशिकला येतो आहे, त्याच्या हाती पाकीट डकवून देईन.)

सगळं सुरू झालं ईदच्या सुटीत इजिप्तला गेलो तिथून. निशांतला पिरॅमिड बघायचे होते. आईंनी मात्र तिकडे देवळं पुष्कळ आहेत एवढं ऐकलं आणि सहलीची देवदर्शनाची यात्रा करून टाकली. चार खण, हळदकुंकवाची डबी, उदबत्त्या, डिंकाचे लाडू आणि एक नारळ अशी तयारी झाली. नारळ इथल्या वादी कबीर भागातल्या हुसैनमियाँच्या दुकानातला. (ते रत्नागिरीचे आहेत, नारळ कानाशी हलवून, वाजवून मगच देतात. इजिप्तच्या देवाला न्यायचाय म्हटल्यावर त्यांनी तो बदलून जास्त चांगला दिला.) तो नारळ माझ्या नव्या ड्रेसमध्ये गुंडाळून कैरोला पोचला. ड्रेसला अजून शेंड्या चिकटलेल्या आहेत.

पहिलं देऊळ अबू सिंबेल. डोंगरात कोरलेले चार प्रचंड राजे मांडीवर हात ठेवून बसले आहेत, सगळे एकाच राजाचे पुतळे. शेजारी त्याच्या गुडघ्याएवढी बायको. आईंनी ते माप बघून निशांतकडे असं काही पाहिलं, जणू ते त्यानंच कोरलं होतं. वर्षातून दोनदा सूर्य थेट आतल्या गाभाऱ्यात जातो वगैरे गाईड सांगत होता, पण आईंचं लक्ष तिकडे नव्हतं. धरणाचं पाणी चढणार म्हणून हे अख्खं देऊळ कापून, तुकडे उचलून, वरच्या बाजूला पुन्हा मांडलं, हे देविकानं त्यांना सांगितलं होतं (“आजी, हा टेम्पल शिफ्ट केला आहे, डॅममुळे”). आईंचं माहेरचं गाव धरणात गेलेलं, तुम्हाला माहीतच आहे. त्या दगडांतले सांधे शोधत म्हणाल्या, “आमच्या भैरोबाला कुणी नाही गं असं उचललं.” मग डोळे पुसून सगळ्या ग्रुपला लाडू वाटले, धरणग्रस्त देवाचा प्रसाद म्हणून. तेव्हापासून अबू सिंबेल त्यांच्या आवडत्या देवळांत दोन नंबरवर आहे.

मग बोटीनं नाईलवरून खाली. कोम ओम्बोला एकाच देवळाचे दोन सारखे अर्धे आहेत, एक मगरीच्या तोंडाच्या देवाचा, दुसरा ससाण्याच्या. दोन दारं, दोन गाभारे. आईंनी बघितल्याबरोबर निकाल दिला, की भावाभावांत वाटणी झालेली आहे आणि ती समंजसपणे झालेली आहे. (पुढे याच घराण्यात एका काकानं सख्ख्या भावाचे चौदा तुकडे केल्याचं देविकानं वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, “जमिनीवरूनच असणार.”) एदफूचं देऊळ तर छपरासकट शाबूत. तिथला देव होरस. त्याची बायको हाथोर तिकडे लांब देंदेऱ्याला आपल्या स्वतःच्या देवळात राहायची आणि वर्षातून एकदा वाजतगाजत नावेतून नवऱ्याकडे यायची, पंधरा दिवस राहायची आणि परत आपल्या घरी जायची. हे ऐकून आई तिथंच एका दगडावर बसल्या. इतकी शहाणी देवी आपल्याकडे कशी झाली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत हे त्यांनी बोटीवरच्या सगळ्या बायकांना सांगून झालं होतं, आणि दोन पंजाबी नवरे निशांतशी बोलेनासे झाले होते.

कर्नाकला एकशे चौतीस खांब आहेत. आईंचा पहिला प्रश्न, इथं झाडतं कोण. तिथल्या तळ्याकाठी दगडाचा एक मोठा भुंगा आहे आणि त्याला सात फेऱ्या घातल्या की मनातलं पूर्ण होतं, असं तिकडचे लोक टुरिस्टांना सांगतात. पंचवीस-तीस गोरी माणसं हसत हसत गोल फिरत होती. परदेशात पहिल्यांदाच माणसं काहीतरी शहाण्यासारखं करताना दिसली म्हणून आई खूश झाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, की सगळे उलटे फिरताहेत! देव डाव्या हाताला! मग काय विचारता. आई दोन्ही हात पसरून मधे उभ्या राहिल्या आणि ती अख्खी मिरवणूक त्यांनी थांबवली. मी खांबाआड गेले. (एकशे चौतीस खांब कशासाठी असतात ते तेव्हा कळलं.) पाच मिनिटांनी डोकावले तर सगळे उजवीकडून फिरत होते, सर्वांत पुढे आई, मागे एक जर्मन आजोबा हात जोडून, आणि आमचा गाईड फेऱ्या मोजत होता.

आणि शेवटी देंदेरा, म्हणजे हाथोरचं माहेर म्हणा, सासर म्हणा, तिचं स्वतःचं घर. निळं रंगवलेलं छत, त्यावर ग्रहतारे, आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला देवीचं तोंड. त्या तोंडाला गाईचे कान. बस्स. गाईचे कान बघितल्यावर आईंचा उरलासुरला परकेपणा संपला. त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून खण आणि नारळ काढला, मूठभर तांदूळ काढले आणि खांबापाशी ओटी मांडली. कुंकू लावायला हात वर गेला तेव्हा देविकानं तो धरला, “आजी, दोन हजार वर्षं जुना आहे, टच नको!” तेवढ्यात लांब झग्यातला रखवालदार धावत आला. निशांतनं आपलं सगळं आखाती अरबी एका दमात वापरलं, म्हणजे यल्ला, खलास आणि इन्शाल्ला. त्याचा काही उपयोग झाला नाही. आईंनी शांतपणे त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्यानं तो खाल्ला, ओटीतला खण-नारळ उचलून प्रसादासारखा आईंनाच परत दिला, बॅटरीचा उजेड देवीच्या तोंडावर पाडला आणि दुसरा हात पुढे पसरून उभा राहिला. आईंना एकदम आपल्या गावच्या पुजाऱ्याची आठवण झाली आणि देवस्थान जागृत असल्याची खात्री पटली.

आणि तिथंच, ताई, त्यांनी मोठ्यानं नवस बोलला. माझ्या लायसन्सचा.

इथं सगळे गाडी चालवतात. भाजीला जायचं तरी गाडी. आणि मी पाच वेळा नापास झालेली. पहिल्यांदा रिव्हर्स घेताना खुणेसाठी ठेवलेला ड्रम पाडला. दुसऱ्यांदा तोच ड्रम. तिसऱ्यांदा चढावर गाडी मागं आली. चौथ्यांदा राउंडअबाऊट रिकामा व्हायची वाट पाहत थांबले (तो रिकामा होत नाही). पाचव्यांदा वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावला आणि परीक्षकांनी आकाशाकडे बघितलं, पाऊस आहे का म्हणून. हा सगळा इतिहास आईंनी हाथोरबाईंना सविस्तर सांगितला आणि म्हणाल्या, “हिला लायसन मिळू दे. मिळालं तर ही स्वतः गाडी चालवत मला इथं घेऊन येईल आणि तुझी रीतसर ओटी भरेल.”

परत आल्यावर आठवड्याभरात मी पास झाले.

आता मला सांगा, मस्कतहून देंदेऱ्याला गाडीनं कसं जायचं? निशांतनं नकाशा काढला. दोन-तीन वाळवंटं, तीन हजारांवर किलोमीटर, आणि मधे तांबडा समुद्र. मी आजवर सर्वांत लांब गेले ती इथून तासाभरावरच्या बरक्यापर्यंत, सुरमई आणायला, आणि मागच्या गाड्यांनी वाजवलेल्या हॉर्नमुळे अजून कान दुखतात. समुद्राचं सांगितलं तर आई म्हणतात, बोटीत गाड्या चढवतात म्हणे, फक्त रिव्हर्समध्ये चढवायची असते का ते विचारून ठेव. रोज सकाळी सातला साडी नेसून, उशी घेऊन त्या मागच्या सीटवर बसतात, सरावासाठी. मी रिव्हर्स टाकला की पूर्ण मागं वळून “येऊ दे... येऊ दे... बास!” असं ओरडतात. शिकत होते तेव्हाही हेच. आमचे ओमानी उस्ताद शेवटी शेवटी ब्रेकवर पाय ठेवून तेही “येऊ दे, मॅडम” म्हणायला लागले होते.

गोष्ट इथं थांबली असती तरी निभावलं असतं. पण आमच्या देव्हाऱ्यात बालाजीशेजारी आता हाथोरचा फोटो आहे. तिसऱ्या मजल्यावरची विद्या (तीन वेळा नापास) केळी ठेवून गेली आणि परवा पास झाली. आता सकाळपासून बेल वाजते. कालपर्यंत चार बायका होत्या, आज एक केरळी नवराही येऊन गेला. प्रसाद मला करावा लागतो.

तेव्हा विनंती एवढीच, की तुम्ही आईंना समजवा. तुमच्या गुरुजींना विचारा, जी देवी दोन हजार वर्षं कामावर नाही तिला बोललेला नवस फेडावा लागतो का. आणि चौदा तारखेला आईंना घेऊन जा. मी दमले हो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लावा, आईंनी सांगितलं आहे.

तुमची,
कल्पना

ता. क. गुरुजींना विचारलंत तर उत्तर मला कळवू नका. मात्र आईंच्या सामानात बसेल असा एक हिरवा खण, चांगल्या काठाचा, आणि डझनभर हिरव्या बांगड्या आणून ठेवा. देवीला तिथं नुसतं तोंड आहे, हात नाहीत, तेव्हा कुठलंही माप चालेल. विमानानं जाऊन ओटी भरली आणि विमानतळापर्यंत गाडी मी चालवली, तर नवस फिटेल असं वाटतं. आईंशी घासाघीस चालू आहे.

ता. क. २. काहीही लपवणार नाही असं वर लिहिलं आहे, म्हणून हेही लिहिते. मी नापास होऊन यायचे तेव्हा निशांत हसायचा. आई शिरा करायच्या. पाचही वेळा केला. शिरा काय पास झालेल्यांसाठीच असतो का, म्हणायच्या. चाळीस धडे त्या मागच्या सीटवर बसल्या, उन्हात, उशी घेऊन. शेवटच्या परीक्षेत परीक्षकांनी कुंपणाजवळ गाडी रिव्हर्समध्ये लावायला सांगितली आणि मी गिअर टाकून थांबले. तेव्हा कुंपणाबाहेरून आवाज आला, “येऊ दे... येऊ दे... बास!” आई म्हणतात, हाथोरनं पास केलं. म्हणू देत.

तुमचा तिसऱ्या खोलीचा फोन आम्ही इजिप्तला निघायच्या आदल्या दिवशी आला होता. देंदेऱ्याला आईंच्या शेजारी मीही डोळे मिटले होते, आणि मी लायसन्स मागितलं नाही. ताई, त्यांच्यावाचून हे घर मला नको आहे. तुमचाही हक्क आहेच. म्हणून असं करा, हाथोरसारखं करा. पंधरा दिवस आई तुमच्याकडे, वाजतगाजत. तेवढं ते एकेरी तिकीट बदलून परतीचं करा.

ता. क. ३. अस्मे, ही भाजीला गेली तेव्हा पाकीट स्टुलावर उघडंच होतं. सगळं वाचलं. लाडू डिंकाचे नव्हते, मेथीचे होते. खोलीत माझ्यासाठी पलंग घेऊ नकोस, पंधरा दिवसांना गादी पुरे. परतीचं तिकीट घे आणि तारीख लांबवू नकोस. हिला रिव्हर्स घेताना “येऊ दे” म्हणायला माणूस लागतं.
– आई