चार खणांचा चार्जर

प्रिय बाईसाहेब,

आधी खुशाली. दोघी ठणठणीत आहेत. थोरलीचा एक दात हलायला लागलाय आणि आपला का हलत नाही म्हणून धाकटी सकाळपासून रुसलीय. ‘अगं, तू अकरा मिनिटं उशिरा जन्मलीस ना,’ असं समजावायला गेलो, तर भोकाडच पसरलं.

मागच्या महिन्यात फोनवर तू जो गोंधळ ऐकलास, त्याला मी ‘दूध उतू गेलं’ म्हणालो होतो. ती थाप होती. खरं आता ऐक. तू पुलाच्या कामावर गेलीस आणि मला शोध लागला, की आपलं घर सेलवर चालतं. बोलणारी बाहुली, दोन गाड्या, त्यांचे दोन रिमोट, टीव्हीचा रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सगळ्यांना सेल हवेत. दर चार दिवसांनी नवं पाकीट आणून मी टेकीला आलो. शेवटी बाजारातला सगळ्यात स्वस्त चार्जर घेतला, सोबत पुन्हा चार्ज होणारे दोन सेल. खण चार आणि सेल दोन, हे काही मला बघवेना. उरलेल्या खणांत कपाटातले साधे सेल बसवले. तासाभरात चार्जर तव्यासारखा तापला, एक साधा सेल फस्सकन फुटून गळला, दोघींनी एका सुरात गळा काढला आणि नेमका तेव्हाच तुझा फोन वाजला. प्लग काढला होता, कुणाला काही झालं नव्हतं. पण तुझा आवाज एकदम बारीक झाला, तो मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तो चार्जर घेऊन कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात गेलो. तिथल्या आजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, “हा उद्योग कुठल्या शहाण्याचा?” मी म्हणालो, “माझ्या मेहुण्याचा.” तुझ्या भावाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली आहे. आजी म्हणाल्या, “मेहुण्याला सांगा, साधा सेल चार्जरात कधी घालायचा नसतो. आणि या डबड्यात जोडीजोडीनं चार्ज होतं. एका ताटात दोन पोरं जेवायला बसवली, की एकाचं पोट फुटतं आणि दुसरं उपाशी उठतं.” मग त्यांनी मला दुसरा चार्जर दिला. चार खण, प्रत्येकाचा आपला दिवा. जो सेल भरला त्याचा पुरवठा आपोआप बंद, जो बिघडलाय त्याचा दिवा लुकलुकतो. भरलेला आणि अर्धा रिकामा सेल एकत्र वापरायचा नाही, जोड्या फोडायच्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात मात्र साधाच सेल ठेवा, तो वर्षभर बघावा लागत नाही, असंही त्यांनी बजावलं. मी निघालो तर मागून म्हणाल्या, “मेहुणे शिकतील हळूहळू.” म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

जोड्या ओळखू याव्यात म्हणून मी सेलांना नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. तुझी लाल बाटली संपली, गुलाबी संपत आलीय. दुपारी मी छापखान्याची प्रुफं तपासायला बसतो, तेव्हा शेजारीच मोकळ्या टेबलावर चार्जर लावतो. दिवा हिरवा झाला, की कोण आधी ओरडतं यावर दोघींची पैज असते. परवा थोरलीनं भरलेली जोडी काढून, न सांगता, धाकटीच्या गाडीत आधी घातली. मी प्रुफात डोकं घालून बसलो, दोन चुका तशाच सुटल्या.

गेल्या आठवड्यात तुझ्या आई येऊन राहिल्या. पहिले दोन दिवस त्यांनी घराची झडती घेतली. भांडी मोजली, मुलींची नखं पाहिली, माझी आमटी चाखून तीत वरून चिमूटभर मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता म्हणाल्या, “जावईबापू, सांगू नकोस असं तिनं बजावलंय, पण माझ्या पोटात राहत नाही.” आणि मग मला कळलं, की तुला पुलाच्या कामावर कायमची, मुख्य इंजिनिअरची जागा देऊ केलीय. आणि त्या फोननंतर आठवड्याच्या आत तू नाही म्हणून कळवलंस. कारण काय, तर त्याला एकट्याला जमायचं नाही.

रागावलो नाही. पहिल्या दिवशी थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा तुझंच बरोबर होतं. आता नाही. मी छापखान्यात बोलून ठेवलंय. प्रुफं कुठेही बसून तपासता येतात, मालकांनी होकार दिलाय. तुझ्या साइटजवळच्या दोन शाळांना पत्रंही टाकली आहेत. म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. तुझ्या साहेबांना उद्याच भेट, नकार मागे घे आणि आम्हाला तिकडे बोलाव. मला घर जमतंय गं. आणि तुला म्हणून सांगतो, मला ते आवडायलाही लागलंय.

खोकी गोळा करायला लागलेला,
तुझाच