चांगोचा विरोध

१२ जानेवारी, सोमवार

वही, तुझी आणि माझी तक्रार एकच — चांगो. तुझी निम्मी पानं त्याला शिव्या घालण्यात गेली. तीस वर्षं ग्रामसभेत मी म्हणायचं, "जमिनी फार्महाऊसवाल्यांना विकू नका," आणि त्यानं उठून म्हणायचं, "आमची जमीन, आमी विकू नायतर पुजू. ही कोण सांगणारी?" टाळ्या मला, हशा त्याला. ठराव कुणाचाच नाही.

आज त्याची बायको सुंदरा आली. म्हसा गावच्या जत्रेत चांगो हरवला — जिथं त्यानं उभा जन्म बैल विकले, तिथं! बैलबाजारात उभा राहून लोकांना स्वतःचं घर विचारत होता. कल्याणच्या डॉक्टर हेतलबाईंनी सांगितलं, अल्झायमर आहे, सुरुवात आहे. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात सुरुवातीचेच पेशंट घेतात. चांगो म्हणतो, "मला काय झालंय? मी सुई घेणार नाय."

सुंदरेची युक्ती अशी — "ताई, तुमी सभेत त्या औषदाला नको म्हणा. तुमी नको म्हणलात की ते हटकून जातील. जल्मभर तसंच झालंय."

मी कबूल केलं. चांगोच्या भल्यासाठी खोटं बोलायचं, तेही माझ्या सगळ्यात चांगल्या आवाजात. मजा वाटली, लपवू कशाला.

१४ जानेवारी, संक्रांत

विरोध करायचा तर अभ्यास हवा. हेतलबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं: मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. कचरा दिसला की धावतात, साफ करतात. या आजारात कचरा हटत नाही आणि राखणदारही मागे हटत नाहीत. एकदा पेटले की पेटलेलेच राहतात, धडधाकट पेशींनाही भाजून काढतात. हा जो मेंदूचा दाह, तो शांत करू पाहणारं हे औषध.

"बरा होईल का माणूस?"

"माहीत नाही. म्हणून तर चाचणी. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते आम्हालाही कळत नाही."

राखायला आले आणि पेटूनच राहिले. बाईंनी माझं वर्णन कुणाकडून ऐकलं कोण जाणे.

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "पूर्ण विझवूनही चालत नाही हं. राखण लागतेच." तेवढाच दिलासा.

२६ जानेवारी

भाषण उत्तम झालं. म्हणजे सत्यानाश झाला.

"मुंबईला पाणी आपलं, वीटभट्टीला अंग आपलं, आता औषधाला डोकंही आपलंच? आपण काय उंदीर आहोत?" सभा गार. मी थांबले, चांगोकडे पाहिलं. तो उठला. इतक्या वर्षांत त्याला उठताना पाहून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"बाय बोलली ते खरं हाय. मी नाय जाणार," तो म्हणाला. टाळ्या वाजवल्या. मग बसता बसता शेजाऱ्याला विचारलं, "कोण रे ही? चांगली बोलते."

घरी येऊन जेवले नाही.

२८ जानेवारी

गावातल्या कमळूची आई त्याच चाचणीसाठी तपासून घ्यायला जाणार होती. भाषण ऐकून त्यानं तिचं नाव मागं घेतलं. सकाळी जाऊन सांगितलं, "कमळू, मी त्या दिवशी खोटं बोलले." तो म्हणाला, "मंग आज खरं बोलता, कशावरनं? आवाज तर तोच हाय." आतून त्याची बायको भिमी ओरडली, "आईला मी नेते. तुमी दोघं बसा सभा भरवत."

३० जानेवारी

संध्याकाळी चांगो स्वतःच माझ्या ओटीवर येऊन बसला. आमच्या ओटीवर! चहा दिला.

"कल्याणला जा, औषध घ्या."

"जातो बाय."

"सभेत तर मी नको म्हणाले होते."

"तेबी खरंच होतं."

सहज म्हटलं, "जमीन विकू नका."

"छ्या. जमीन काय विकायची वस्तू हाय?"

या एका वाक्यासाठी मी घसा फोडत आले. आज ते बिस्किटाबरोबर मिळालं. गोड लागलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कल्याण. सुंदरा, चांगो, मी. हेतलबाईंनी त्याला सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला यायचंय का यात?"

"बाय सांगंल तसं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा होकार यांचा झाला. मला तुमचा हवा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी डोळ्यांनी खुणावलं, बाईंनी ते पाहिलं. पुढच्या मंगळवारी शेवटचं विचारणार. मग भरती बंद.

परतताना एसटीत सुंदरेनं तिकिटं काढली. मग म्हणाली, "तुमी लय चांगलं बोलता, ताई. तेच वाईट झालं."

८ फेब्रुवारी

तो रोज येतो. मी चहा देते आणि गप्प बसते. काल विचारलं, "बाय, आज बोलत नाय?" मान हलवली. आज तोच बोलला — आधी आभाळावर, मग माझ्या चहावर. "साखर कमी हाय." ऐकून घेतलं. जीभ चावून चावून दुखते आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हेतलबाईंनी विचारलं आणि सवयीनं माझं तोंड उघडलं. चांगोनं टेबलावर हात आपटला. "गप गो. मला इचारलंय."

मग बाईंना म्हणाला, "गुण येईल नायतर नाय येणार. नुसतं पाणी बी असंल. कळलंय मला. पण मला हिला कायतरी सुनवायचं होतं. मोठं होतं. आठवत नाय. ते मला परत पायजे. टोचा."

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. तो आत गेला.

चांगोभाऊ, आठवलं की सभेची वाट बघू नका. थेट ओटीवर या आणि सुनवा.