दुसरी मोजणी

१४ मार्च, गुरुवार

प्रिय मुंगी,

अनेक आशीर्वाद.

तुझं छान चाललं असेल. म्हणजे असणारच, तुझं वाईट चाललेलं मी तरी कधी पाहिलेलं नाही. इकडे सगळं ठीक. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून त्यांना घरातल्या प्रत्येक बिजागरीचा आवाज ऐकू येतो, आणि तेलाची कुपी घेऊन ते दिवसभर दारांच्या मागे असतात. आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत चालली आहे. व्हरांड्यात खोक्यांवर खोकी रचलीत, आडवं होऊन चालावं लागतं. मी मेअखेर सुटणार, त्यामुळे नव्या इमारतीत माझं टेबल मांडलेलं नाही. ते बरोबरच आहे म्हणा.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू चमकली असशील. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच "अगं ताई" म्हणाली असतीस आणि मी विषय बदलला असता. आपल्या दोघींना ती सवयच आहे.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "ताई, माझ्या सत्काराच्या पुस्तिकेत घरच्या माणसाचं काहीतरी हवंय. दोन पानं लिही ना. आणि माझ्या लेखांची यादी जरा नजरेखालून घाल, तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही." मी म्हटलं, "घालते की, त्यात काय." त्यावर तू म्हणालीस, "तू लिहिलंस म्हणजे लोकांना खरं वाटेल गं."

दोन पानं लिहून झालेली नाहीत. यादी मात्र पाहिली.

एकोणीस पानं. दोनशे अकरा लेख. रक्ताचे कर्करोग, रक्त न गोठण्याचे आजार, नको तिथे गोठण्याचे आजार, लहान मुलांचे वेगळे, म्हाताऱ्यांचे वेगळे. मी लाल पेन्सिल घेऊन बसले, आणि कौतुकानं नाही बसले. नावडत्या विद्यार्थ्याचा पेपर हातात आल्यावर मास्तरीण बसते तशी बसले. त्र्याहत्तर आणि एकशे अठरा हा एकच लेख दोनदा आलाय हे सापडलं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "दोनशे अकरा नाहीत काही, दोनशे दहाच आहेत!"

तुझे भाऊजी म्हणाले, "हो का? आणि ते दोनशे दहा कुणाचे आहेत?"

एकशे अठ्ठावन्नाव्या लेखाला चौदा लेखक आहेत, त्यात तू तेरावी. तेही मला बरं वाटलं. दिवसभर वाटलं.

हे सगळं तुला गमतीचं वाटेल. मुंगी, ही गंमत नाही. मला तुझा हेवा वाटतो. कधीमधी नाही, रोज. आमच्या घरात जेवण खारट झालं की तुझे भाऊजी न विचारता ओळखतात, मुंगीचा नवा लेख छापून आला. शाळा सुटताना मला तुझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. तुला ते आठवतही नसेल, मला अजून पाठ आहेत. माझी शाळा सुटली त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि दुपारी तीनला कुणीतरी घरी येणं भाग होतं. प्रयोगशाळेची पाळी तीनला सुटायची, डॉक्टरकीचा अभ्यास कुठल्याच वेळेला सुटत नाही. मी मोठी. मला कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं, म्हणून दोषही कुणाला देता येत नाही. दोष द्यायला कुणी असतं तर माझं बरं झालं असतं.

यादीत नवव्या क्रमांकावर पेन्सिल थांबली. मी दहाव्यावर गेले, पुढे विसाव्यावर गेले, आणि परत नवव्यावर आले. आता ते सांगते.

बावीस वर्षांपूर्वी आपण एकाच इमारतीत होतो. तू वर वॉर्डात, मी खाली मायक्रोस्कोपशी. रक्ताच्या कर्करोगाच्या चौसष्ट रुग्णांच्या स्लाइड्स तू गोळा केल्या होत्यास, उपचाराच्या पंधराव्या दिवशी हाडांतल्या मज्जेतून घेतलेल्या. प्रत्येक स्लाइडवर पाचशे पेशी मोजायच्या आणि त्यांत कच्च्या, रोगट पेशी किती ते लिहायचं. शंभरात पाचापेक्षा कमी असतील तर त्या रुग्णाला पुढचा जहरी डोस द्यायची गरज नाही, सौम्य औषधावर भागेल, असं तुझं म्हणणं. हे सिद्ध करायला दोन माणसांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजणं आवश्यक होतं. पहिली तू. दुसरी मी. "ताईची नजर चुकत नाही," असं तूच तुझ्या सरांना सांगून मला मागून घेतलंस.

पहिल्या एकोणीस स्लाइड्स मी इमानदारीनं मोजल्या.

त्याच रात्री तू बाबांना जेवायला बोलावलं होतंस, आठवतं? बाबा खुशीत होते. पाहुण्यांना म्हणाले, "माझी मुंगी शोध लावते आणि ताई मोजते. अख्खी प्रयोगशाळा घरातच आहे माझ्या!" सगळे हसले. तू हसलीस. मीही हसले, आणि सगळ्यांना पाणी वाढलं. बाबांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी तुझी वही टेबलावर राहिली होती. तुझा विश्वासच एवढा, की तू ती झाकलीही नव्हतीस. आधी मनात आलं, मुद्दाम चुकीचे आकडे टाकावेत. तेवढी छाती झाली नाही. मग दुसरं सुचलं. तुला माझे डोळे हवेत ना? ते द्यायचेच नाहीत. विसाव्या स्लाइडपासून मी मायक्रोस्कोपला डोळा लावलाच नाही. तुझा आकडा बघायचा, त्यात कुठे एक वाढवायचा, कुठे दोन कमी करायचे, आणि माझ्या कागदावर उतरवायचा. पंचेचाळीस स्लाइड्स दीड तासात झाल्या. उरलेले तीन दिवस मी खिडकीशी बसून पेशी मोजायच्या काउंटरची बटणं दाबत होते, शंभर पेशी झाल्या की घंटी वाजते ना, ती बाहेर ऐकू जावी म्हणून.

तुझा लेख छापून आला. त्यात वाक्य आहे, "दोन्ही वाचकांच्या मोजणीत जवळजवळ तंतोतंत मेळ आढळला." मेळ कसा नसेल? शेवटी माझे आभार मानलेत. पुढे तोच लेख इतरांनी आपापल्या लेखांत अडीच हजारांहून जास्त वेळा आधाराला घेतला. हेही तुझ्या यादीतच कळलं.

मी एवढी वर्षं का बोलले नाही, हे तू विचारशील. भीती वाटली असं म्हणायला मला आवडेल. पण ते अर्धंच खरं आहे. तुझं नाव कुठेही झळकलं, तुझा फोटो आला, कुणी माझ्यापाशी तुझं कौतुक करू लागलं, की मी मनातल्या मनात म्हणायचे, करा कौतुक, माझ्या एका कागदानं तुमची मुंगी तोंडावर पडेल. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. ते सांगून टाकलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं?

एक शिक्षिका दर वर्षी आमच्याकडे रक्त तपासायला येतात. तुझ्या लेखामुळे त्यांना तो जहरी डोस घ्यावा लागला नाही, घेतला असता तर मूल होणं कठीण होतं. नंतर त्यांना मुलगी झाली, ती आता कॉलेजात जाते. रक्त घेताना त्या मला म्हणतात, "तुमच्या बहिणीचे उपकार आहेत हो." मी सुई धरलेली असते. त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत दर वर्षी मी पाळी सुटली तरी घरी जात नाही. आणि तो चांगला आला, की हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याचा रागही येतो. असलं माणूस आहे मी.

आता जागा बदलताना वीस वर्षांहून जुन्या सगळ्या स्लाइड्स टाकून द्यायच्या असा आदेश निघाला. तुझं खोकं वरच्या फळीवर होतं, तुझ्या वहीसकट आणि माझ्या त्या कागदासकट. मी ते खाली घेतलं. आमच्याकडच्या नव्या तंत्रज्ञ मुलीला सांगून प्रत्येक स्लाइडवरची चिठ्ठी कागदानं झाकून घेतली, म्हणजे कोणती कुणाची ते मला कळू नये. ती म्हणाली, "मॅडम, टाकायच्या स्लाइड्स कशाला मोजताय?" मी म्हटलं, "हात बसलेला राहावा म्हणून."

अकरा दिवस दुपारभर मोजत होते. पाचशे, पाचशे, पाचशे. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शपथेवर सांगते मुंगी, तू चुकलेली असावीस म्हणून मी मोजत होते. त्या शिक्षिकेचा चेहरा डोळ्यांसमोर असतानाही. एक तरी मोठी चूक, एक तरी.

तीन स्लाइड्सचा रंग पार उडालाय, त्या वाचता येत नाहीत. उरलेल्या एकसष्टांपैकी एकोणसाठ ठिकाणी माझा निकाल तुझ्यासारखाच आला. दोन स्लाइड्स काठावरच्या आहेत, तू शंभरात चार म्हटलंस, मी सहा. त्या कुणीतरी तिसऱ्यानं बघाव्यात, पण त्यानं तुझं म्हणणं बदलत नाही. तू बरोबर होतीस. तेव्हाही होतीस, माझ्या मदतीशिवाय. चिठ्ठ्यांवरचा कागद काढून आकडे जुळवले आणि मी खुर्चीत बसून रडले. त्या बाईसाठी सुटकेनं थोडं, आणि बाकी सगळं हेव्यानं. बावीस वर्षं जे हत्यार उशाशी घेऊन झोपले, ते लाकडाचं निघालं.

पण तुझा निष्कर्ष खरा म्हणून माझा कागद खरा होत नाही. त्या वाक्यातला मेळ खोटा आहे, आणि लोक त्या वाक्यावर विसंबून औषधं देतात. हे तुला एकटीला सांगून "आता तूच ठरव" म्हणणं मला सोपं होतं. तसं केलं असतं तर माझं ओझं तुझ्या डोक्यावर देऊन मी मोकळी झाले असते. म्हणून काल मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना सगळं लिहून पाठवलं. जुना कागद, नवी मोजणी, माझी सही. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. स्लाइड्स मी टाकू दिलेल्या नाहीत.

तुझा सत्कार एकवीस दिवसांवर आलाय. संपादक त्याआधी तुझ्या संस्थेला विचारतील, कुजबुज होईल, कदाचित समारंभ पुढेही ढकलतील. तुझे भाऊजी म्हणाले, "बावीस वर्षं गप्प बसलीस, आणखी तीन आठवडे बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

संपादकांना मी लिहिलंय की रुग्णांच्या दृष्टीनं एक दिवसाचाही उशीर योग्य नाही. ते खरं आहे, आणि लोकांना तेच पटेल. तुला दुसरं कारण लिहिते, ते कुणाला दाखवू नकोस. तू त्या मंचावर उभी आहेस आणि मी खाली पहिल्या रांगेत टाळ्या वाजवते आहे, हे मला बघवलं नसतं.

तुझी म्हणू का, हे तू ठरव,
ताई