शीलाले हाटेलात गप बसवाचं आहे

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.
डॉक्टर म्हणे, मैनाबाई, शुगर वाढली, रोज काय खाल्लं ते वहीत लिहा. कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याची डायरी फुकट देल्ली, तिच्यात लिहून राह्यली. मी चौथी पास आहे. मराठी मले येते. इंग्रजीचं मले काम नाही.
काल खाल्लं : अपमान.
यवतमाळले शीलाच्या लग्नाचा वाढदिवस होता. शीला म्हणजे माही धाकटी जाऊ. डी.एड. झालेली. भाऊजी पंचायत समितीत. मोठं हाटेल, टेबलावर दहा माणसं. मी सगळ्यात मोठी म्हणून वेटरनं कार्ड माह्या हातात देल्लं. सगळं इंग्रजी. वेटर म्हणे, मॅडम, काय आणू? मी म्हटलं, थांब ना बाबू, वाचून राह्यली. तेवढ्यात शीलानं कार्ड हातातून ओढलं. म्हणे, ताईचा चष्मा घरीच राह्यला, मी सांगते. अन् दहाही जणायचं धडाधड सांगून मोकळी.
चष्मा माह्या नाकावर होता.
कार्ड उलटं होतं असं सुरभी म्हणते. पोरगी माही, पण बोलते काकूच्या बाजूनं. उलटं का सुलटं हा प्रश्नच नाही. हातातलं ओढाचं नसते.
सगळे हासले. म्हणजे भाऊजी हासले. ते फोनवर बोलून राह्यलेते, पण हासले.
मी बदला घेईन.

३० डिसेंबर.
प्लॅन पक्का. यवतमाळ नाही, सीधं नागपूर. शीलाले अन् भाऊजीले संग न्याचं. माह्याकडून पार्टी. माणूस आपल्या पैशानं खाते तवा बोलते, दुसऱ्याच्या पैशानं खाते तवा गप राह्यते. वेटर आला की मी सांगीन, अन् शीला तोंडाकडं पाहत बसन.
कॅलेंडर पाह्यलं. २४ जानेवारी शनिवार, २५ रविवार, २६ची सुट्टी. तीन दिवस, सहा जेवणं, सहा हाटेलं. सहा वेळा बदला.
खाल्लं : भाकर, भाजी. भात थोडा. थोडा म्हणजे दोनदा.

२ जानेवारी.
सुरभीनं नागपूरच्या हाटेलाचं कार्ड फोनवर काढलं. ती वाचते, मी मराठीत लिहून घेते. मंचाव सूप. हराभरा कबाब. पनीर लबाबदार. लबाबदार म्हणजे काय, म्हटलं. म्हणे, माहीत नाही. बारावी शिकून लबाबदार माहीत नाही! सिझलर म्हणून एक आहे, त्याच्यातून धूर निघते. धुराचे पैसे घेतात. धूर आमच्या चुलीत फुकट आहे.
रोज पाच नावं पाठ करीन.

६ जानेवारी.
दोन नावं पाठ झाली. कापूस वेचाईचे दिवस आहेत, टाइम कुठं आहे?
वावरात पाठ करून राह्यली. हराभरा कबाब, हराभरा कबाब, असं म्हणत वेचते. रुपीबाई मजुरीले येते, तिची जीभ कातरीवाणी. म्हणे, मैनाबाई, कोणता मंतर घेतला, आमाले बी द्या. मी म्हटलं, तू आपली कापसाची पात पाह्य.

९ जानेवारी.
तालीम घेतली. आमच्या यायले वेटर केलं. खांद्यावर टॉवेल टाकून उभे राह्यले. मी म्हटलं, भैया, एक मंचाव सूप, एक हराभरा कबाब, एक पनीर लबाबदार, सहा रोमाली रोटी. हे म्हणे, ते सगळं संपलं, आलूवांगं आहे. मी टॉवेल ओढून घेतला. या माणसासंग बावीस वर्षं काढली, माह्या हिमतीचं कोणी नावच घेत नाही.

११ जानेवारी.
शीलाले फोन केला. गोड बोलली. मी लय गोड बोलू शकते, मनात असलं तं. म्हटलं, शीला, तीन दिवस नागपूरले चाल, खाऊ-पिऊ, सगळं माह्याकडून. ती पागलावाणी खुश झाली. अगा बापा, ताई, खरंच? म्हणे, माह्यासाठी असं आजवर कोणी केलं नाही. फासली.
मंग म्हणे, पण ताई, पंचवीसले रथसप्तमी, त्या दिवशी माह्या घरी हळदीकुंकू, अन् सव्वीसले यायले झेंड्याले हजर राहा लागते. आपुन शनिवारी सकाळी जाऊ अन् संध्याकाळी वापस येऊ.
तीन दिवसाचा एक दिवस केला. मुद्दाम. रथसप्तमी तिनंच आणली असन.
हरकत नाही. सहा बारके बदले घेण्यापेक्षा एकच मोठा.

१४ जानेवारी. संक्रांत.
शीलानं वाण पाठवलं. तिळाचे लाडू, बिनसाखरेचे, चिठ्ठी लावून : ताईसाठी वेगळे. पाहा कसा टोमणा आहे! सगळ्यायले साधे अन् मले वेगळे.
रागारागानं साधे चार खाल्ले. सणाचं वहीत धरत नाहीत.

१९ जानेवारी.
चौदा नावं पाठ. सुरभीनं परीक्षा घेतली, बारा बरोबर. एक मशरूमचं आहे ते जिभेवर बसत नाही, तेच तोडून टाकलं. कुत्र्याच्या छत्र्या, कोण खाते?
ठरवलं : वेटरकडं पाहाचं नाही, खिडकीकडं पाहून बोलाचं. कार्ड देल्लं तं म्हणाचं, ठेव बाजूले. मंग शीलाकडं वळून : तुले काही पाह्यजे का गं? बस. एवढंच.

२४ जानेवारी, शनिवार. पहाटे ५.
गोळी घेतली. खाल्लं काही नाही. नागपूरसाठी पोट रिकामं ठेवलं. पहिल्या एसटीनं यवतमाळ, तिथून भाऊजीची गाडी. नवी साडी.

सकाळी १०.
कळंब. शीला म्हणे, इथून जाऊन राह्यलो अन् चिंतामणीचं दर्शन न घेता कसं जाव, ताई? लाइन येवढी. मी लाइनीत उभी राहून मनातल्या मनात म्हणत राह्यली, दाल तडका, जीरा राईस. देव समजून घेते.

दुपारी २.
आता नागपूर. रस्त्यात गाड्याच गाड्या. सगळ्या महाराष्ट्राले आजच जेवाचं आहे. हाटेलाले काचेचा दरवाजा, अन् बाहेर अर्धं गाव उभं. एक पोट्टा माइकवरून नंबर पुकारून राह्यला. आमचा नंबर एक्केचाळीस. चालू होता तेरा.

दुपारी ३.
सव्वीस. माहे हात थरथरून राह्यले. रागानं. घाम बी रागाचाच. शीलानं पाह्यलं अन् एकदम ओरडली, ताई, सकाळून काही खाल्लं का नाही? अन् सगळ्या लोकायसमोर चिंतामणीचा पेढा माह्या तोंडात कोंबला. मंग दुसरा. मंग कोण्या पोट्ट्याले उठवून मले खुर्चीवर बसवलं. लहान पोरावाणी. हे बी हिशोबात धरलं.

संध्याकाळी. गाडीत, वापस.
लिवते. अक्षर हालून राह्यलं, रस्ता खराब आहे.
साडेचारले नंबर लागला. मी मधात बसली. पदर नीट केला. वेटर आला. मी खिडकीकडं पाह्यलं अन् म्हटलं, भैया, एक मंचाव सूप...
तो म्हणे, मावशी, सुट्टीच्या गर्दीत कार्ड बंद आहे. फक्त थाळी.
म्हटलं, लबाबदार? म्हणे, थाळी. म्हटलं, सूप तरी? म्हणे, मावशी, थाळीच.
थाळी आली. वरण, भात, पोळी, आलूवांग्याची भाजी. आलूवांगं खायले मी पहाटं चार वाजता उठलीती.
एकच गोष्ट इचारली त्यानं. गोडात काय वाढू, गुलाबजाम का श्रीखंड? मी तोंड उघडलं. एवढं तं एवढं, पण मीच सांगीन. तं शीला म्हणे, ताईले गोड नका वाढू, त्यायले शुगर आहे.
मंग मी मनात काही ठेवलं नाही. म्हटलं, त्या दिवशी माह्या हातातलं कार्ड ओढलं, आज वाटी बी ओढली. दहा माणसायत माही इज्जत काढली तू. चष्मा माह्या नाकावर होता!
भाऊजीचा घास तसाच राह्यला. शीला माह्याकडं पाहत राह्यली. म्हणे, कोणतं कार्ड, ताई?
नाटक नव्हतं. तिच्या ध्यानातच नव्हतं. मी महिनाभर कापूस वेचत वेचत पाठ केलं, अन् हिच्या ध्यानात नाही. बदला घ्याचा कोणाचा?
मंग तिले आठवलं वाटते. तिचे डोळे भरले. उठून माह्या ताटात आपल्या हातानं वरण वाढलं. मी खाल्लं. भूक होती म्हणून.

२५ जानेवारी, रविवार.
हळदीकुंकवाले जाणार नव्हती. गेली. नाही गेली तं लोक म्हणतीन भांडण झालं.
वीस-पंचवीस बाया. रुपीबाई बी आलेली, तिची बहीण शीलाच्या शेजारी राह्यते. बसल्याबरोबर तिनं इचारलं, काय मैनाबाई, नागपूरले काय खाल्लं म्हणे?
माह्या तोंडातून आपोआप निघालं. मंचाव सूप, हराभरा कबाब, पनीर लबाबदार, रोमाली रोटी, जीरा राईस. तेराच्या तेरा, एका दमात. बाया आ करून पाहत राह्यल्या.
रुपीबाई म्हणे, पण तिथं तं सगळं इंग्रजीत राह्यते म्हणतात. तुमी वाचलं कसं?
कुंकवाचं ताट घेऊन शीला दारातच उभी. म्हटलं, झालं. आता ही सांगते. काल मी तिले येवढं बोलली, तिच्या जागी मी असती तं सांगतलं असतं.
शीला म्हणे, ताईले कार्ड लागतच नाही, मावशी. सगळं तोंडपाठ. वेटर लिवता लिवता थकला. मी तं गपच बसलीती.
अन् सरळ माह्याकडं आली, सगळ्यात पहिले कुंकू मले लावलं. नजर वर केली नाही तिनं. मी बी नाही.

२६ जानेवारी.
झेंडा झाला. हे म्हणे, आज तोंड काहून उतरलं, बदला घेऊन आली ना? मी म्हटलं, घेतला. हे म्हणे, मंग? मी म्हटलं, बैलायले पाणी दाखवा.
दुपारी शीलाचा फोन. उचलला नाही. मंग मीच केला. म्हणे, ताई, त्या सगळ्या बाया महिला दिनाले यवतमाळच्या मोठ्या हाटेलात जाव म्हणून राह्यल्या. म्हणतात, मैनाबाईलेच न्याव, त्याच सगळ्यायचं सांगतील.
मी फोन या कानाचा त्या कानाले लावला. ती म्हणे, ताई? आहा का?
मी म्हटलं, तू येशील ना?
म्हणे, येते ना.
म्हटलं, मंग माह्या बाजूलेच बस.
बाजूले बसली म्हणजे माही नजर राहीन तिच्यावर.