खेळ कुठून सुरू झाला

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय भिंतोबा,

अनेक आशीर्वाद. पत्र संपेपर्यंत रागावशील, म्हणून दोन आगाऊच जास्त.

आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतोच, पण दिवसभर तक्रार करण्याइतकी ती ठणठणीत आहे. तुझे स्केट्स माझ्या बाल्कनीत राहिले होते, ते आज धार लावून आणले. धारवाला म्हणाला, "यांचा मालक डावा पाय फार झिजवतो हो." मी म्हटलं, लोकांना आडवं जाऊन जाऊन झिजलाय तो.

आई सांगत होती, तू आइस हॉकीच सोडतोयस. गोदामात नोकरी बघितलीस म्हणे. म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी पुन्हा गुडघ्यावरच बोलत बसले असते.

तुला संघातून काढलं ते माझ्या तक्त्यावरून, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तू बर्फावर असताना आपले फटके किती आणि आपल्यावर किती आले, ते मी मोजते. शंभरात आपले जेमतेम चव्वेचाळीस. आठ बचावपटूंत तू तळाला. पण प्रशिक्षक तुला बर्फावर उतरवतात कधी? चकती आपल्याच गोलपाशी असते आणि समोरचे अंगावर आलेले असतात, तेव्हा. आग विझवायला बोलवायचं आणि वर कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून नाक मुरडायचं, त्यातली गत. म्हणून तर माझ्या तक्त्यात एक रकाना असतो: खेळ कुठून सुरू झाला, आपल्या गोलपाशी की त्यांच्या. तो धरला की हिशेब सरळ होतो.

तो रकाना मी काढला. चुकून नाही.

तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक जिन्यात हसत म्हणाले, "भावाचा आकडा जरा गोड लिहा हं!" मला अशा मिरच्या झोंबल्या! तडक टेबलाशी गेले आणि सगळ्यांचाच रकाना उडवला. म्हटलं, घ्या, सगळ्यांना एकच माप, आता बोला काय बोलायचं ते. बाकी सातजणांना फारसा फरक पडला नाही. तुझा मात्र गळा कापला गेला. आणि ते मला दिसत होतं रे. दिसत असताना सही केली, माझ्या नावाला बट्टा नको म्हणून.

तुला काढलं त्या संध्याकाळी तू माझ्याकडे जेवायला होतास. मान खाली घालून विचारलंस, "ताई, आकडे खोटं नाही ना बोलत?" मी म्हटलं, "नाही रे." आणि तुला आणखी वाढलं.

आज रकाना परत घातला. तू आठात तिसरा आहेस. नवा तक्ता आणि मी काय केलं ते, दोन्ही लिहून प्रशिक्षकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "जागा भरली, बाई. पंधरा दिवसांपूर्वी आणायचं होतं." माझ्या नोकरीचं शुक्रवारी ठरेल. ठरू दे.

तक्त्याची प्रत सोबत आहे. नदीपलीकडच्या संघाची निवड रविवारी आहे. तिथे दाखव, नाहीतर फाडून टाक. पण गोदामाला हो म्हणण्याआधी एकदा वाच.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझी खोडच ती. येईल ते स्वतःच्या अंगावर घ्यायचं. हे एवढं घेऊ नकोस. माझं मला लागू दे.

आणि जेवताना विचारलं होतंस, त्याचं खरं उत्तर: आकडे नव्हते बोलले खोटं.

तुझी,
खोटं बोललेली
ताई